दिवाणजींची रिकामी जागा

दीपावलीच्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण करावा, सायंकाळी पेढीवर वहीपूजन करावे आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहून नव्या वर्षाच्या व्यवहारास आरंभ करावा, हा आपल्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. आता पुष्कळ पेढ्यांवर वहीच्या शेजारी संगणकही पूजेस मांडला जातो. गतवर्षी कोण आले, काय घेऊन गेले आणि त्यांच्याकडून येणे किती राहिले, याची पै-पैची नोंद त्या वहीत असते. परंतु जे पूर्वी येत होते आणि यंदा आलेच नाहीत, त्यांचे पान कोणत्याच वहीत नसते. लहान व्यापाऱ्याच्या आजच्या अडचणीचे एक मोठे कारण या न लिहिलेल्या पानात आहे, असे आमचे मत झाले आहे. ते पान लिहिण्यासाठी व त्यावरून पुढील पाऊल टाकण्यासाठी विक्रीच्या कामातील अनुभवी माणूस, पूर्ण वेळ परवडत नसेल तर अर्धवेळ, पेढीवर नेमणे अगत्याचे आहे. एवढेच सभासद बंधु-भगिनींपुढे मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे.

हे मत अनुभवातून आलेले असल्यामुळे प्रथम अनुभवच सांगतो. बेळगावच्या रविवार पेठेत आमची मिरची-मसाल्याची पेढी आहे. रंगासाठी बेडगी आणि तिखटासाठी संकेश्वरी मिरची हा आमचा मुख्य माल. गोमंतकातील माशाच्या हुमणास बेडगीचा रंग हवाच. त्यामुळे मडगाव, फोंडे, म्हापसे येथील खानावळी व किराणा दुकाने ही आमच्या वडिलांच्या वेळेपासूनची गिऱ्हाइके. आमचे जुने दिवाणजी महिन्यातून दोन-तीन दिवस गोव्याची फेरी करीत. फेरीचे नाव वसुलीचे असे. पण तेवढ्यात ते दुकानांतून बसत, चहा घेत, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा मुलगा वेगळे दुकान काढणार आहे, कोणास गेल्या खेपेचा माल फिका वाटला, हे सारे ऐकून घेत आणि परत आल्यावर दोन वाक्यांत वडिलांच्या कानी घालीत. त्यांच्या पगारपत्रकात हे काम कधी लिहिलेले नव्हते.

2019 साली वार्धक्यामुळे दिवाणजी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आम्ही संगणकावर हिशेब ठेवणारा एक हुशार तरुण नेमला. कीर्द-खतावणी पूर्वीपेक्षा व्यवस्थित झाली, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे वेळेवर जाऊ लागली आणि जागा भरली गेली, अशी आमची समजूत झाली. पुढच्याच वर्षी महामारीची टाळेबंदी आली. गोव्याची विक्री घटली, ती त्या संकटामुळेच घटली, असे आम्ही धरून चाललो. टाळेबंदी संपून दोन वर्षे उलटली तरी विक्री पूर्वपदावर आली नाही, तेव्हा दोष मोठ्या कंपन्यांच्या मसाल्याच्या पाकिटांस दिला. मोबाइलवरून घरपोच माल देणाऱ्यांसही दिला. आपल्या पेढीतील रिकाम्या जागेकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही.

मग जाहिरातीचा उपाय केला. एका जाहिरात संस्थेशी वर्षाचा करार झाला. सणासुदीस आमचे छायाचित्र असलेली शुभेच्छापत्रे समाजमाध्यमांवर झळकू लागली, ती पाहणाऱ्यांचे आकडे दरमहा आमच्याकडे येऊ लागले आणि नातेवाइकांकडून कौतुकही पुष्कळ झाले. वर्षअखेरीस पाहतो तो मिरचीचे एक पोतेही अधिक गेलेले नव्हते. यात त्या संस्थेचा फारसा दोष नव्हता. आम्हांस काय हवे आहे, हे आम्हीच तिला सांगितले नव्हते, कारण ते आम्हांसच ठाऊक नव्हते.

त्यानंतर एका स्नेह्यांच्या सांगण्यावरून आम्ही एका बाईंस आठवड्यातून दोन अर्धे दिवस कामास बोलावले. पुण्यातील एका कारखान्याच्या विक्री विभागात त्यांनी बारा वर्षे काम केले होते. सासू-सासऱ्यांच्या आजारपणामुळे त्या बेळगावी परतल्या होत्या आणि पूर्ण वेळाची नोकरी त्यांस शक्य नव्हती. जाहिरात कोठे द्यावी हे त्या पहिल्याच दिवशी सांगतील, अशी आमची अपेक्षा होती. त्यांनी मागितली ती सहा वर्षांची बिलबुके. महिनाभर त्यांनी एकच यादी केली: नियमाने माल नेणाऱ्या आणि पुढे थांबलेल्या गिऱ्हाइकांची. एकट्या गोव्यातील अशी अकरा नावे निघाली. एकेकास त्यांनी दूरध्वनी केला आणि नंतर आमच्या चिरंजीवांस बरोबर घेऊन चोर्ला घाटाने त्या स्वतः जाऊन आल्या.

तीन दुकाने कायमची बंद झाली होती. दोघांनी भावातील फरकामुळे दुसरीकडून माल घेण्यास सुरुवात केली होती. उरलेल्या सहांचे उत्तर जवळपास एकच होते: "दिवाणजी येण्याचे थांबले, तुमच्याकडून कोणी विचारले नाही, म्हणून आम्ही समजलो की पेढी बंद झाली." चालू पेढी बंद झाली असे आपल्या जुन्या गिऱ्हाइकांनी समजावे, याहून मोठी नामुष्की व्यापाऱ्यास कोणती? त्या सहापैकी पाच जण पुन्हा माल नेऊ लागले. हे काही फार मोठे यश नव्हे. पण त्यासाठी नवा भाव काढावा लागला नाही की जाहिरातीचा फलक लावावा लागला नाही.

या प्रसंगाने आमच्या ध्यानात आले की, ज्यास आज विपणन किंवा मार्केटिंग म्हणतात, ते काम आपल्या पेढ्यांवर पूर्वीही होत होते. त्यास स्वतंत्र नाव नव्हते इतकेच. कोठे ते दिवाणजी करीत, कोठे वसुलीस जाणारे गुमास्ते करीत, तर कोठे गल्ल्यावर बसलेले आजोबा येणाऱ्याजाणाऱ्यास हाक मारून करीत. ही माणसे गेली, तेव्हा त्यांच्या लेखणीचे काम आपण संगणकास दिले; त्यांच्या पायांचे, कानांचे व जिभेचे काम मात्र कोणासच दिले नाही.

चांगला माल आपोआप खपतो, त्यास बोलक्या माणसाची गरज काय, असे आपल्यातील पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांस आम्ही याच गावाचा इतिहास आठवून देऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलींच्या लहानशा दुकानापासून आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर घडविला. नांगर उत्तम होता. पण लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळच्या शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिले नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि 1920 साली त्यांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत नेणे हा त्याचा एक उद्देश होता. उत्तम माल घडविणाऱ्या त्या उद्योगासही गिऱ्हाइकाशी बोलण्यासाठी स्वतंत्र माणसाची गरज भासली. मग आपणांस ती का भासू नये?

तरीही अर्धवेळच का, असा प्रश्न राहतो. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत व वार्षिक उलाढाल दहा कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग 'सूक्ष्म' गणला जातो. आपल्या सभासदांच्या बहुतेक पेढ्या याच वर्गात मोडतील. अशा पेढीस मोठ्या कंपनीतील अनुभवी अधिकाऱ्याचा पूर्ण पगार झेपणारा नाही. म्हणून आपण नुकताच पदवीधर झालेला स्वस्त मुलगा नेमतो. त्यास शिकविणारे पेढीवर कोणी नसते आणि सहा महिन्यांत तो कंटाळून निघून जातो. त्यापेक्षा अनुभवी माणसाचे आठवड्यातील आठ तास घेणे शहाणपणाचे. ही रीत आपणांस नवी नाही. एकच मुनीम सायंकाळी चार पेढ्यांची खतावणी लिहीत असे आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नसे. आजही करसल्लागार शंभर जणांचा एकच असतो. झालेल्या व्यवहाराचा हिशेब वाटणीच्या माणसाकडून करून घेणाऱ्यांनी, होऊ घातलेल्या व्यवहारासाठी तसाच माणूस ठेवण्यास कचरू नये. आपल्या घरांतील कित्येक सुशिक्षित लेकी-सुना नोकरीचा अनुभव असूनही केवळ पूर्ण वेळ देता येत नाही म्हणून घरी आहेत, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप गुपिताचा. चार पेढ्यांवर फिरणाऱ्या माणसास आपला खरेदीभाव कळला, तर तो शेजारच्या दुकानी जाणार नाही कशावरून? भय खरे आहे; म्हणून एकाच मालाच्या दोन पेढ्यांनी एक माणूस कधीही वाटून घेऊ नये. शहापुरातील साडीवाले, खडेबाजारातील भांडेवाले आणि रविवार पेठेतील मिरचीवाले यांनी मिळून एक माणूस नेमण्यास कोणतीच अडचण नाही. शिवाय गिऱ्हाइकांची यादी, मोबाइल क्रमांक व समाजमाध्यमांवरील खाती पेढीच्याच नावे राहतील, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्यावे. तोंडी व्यवहाराचे दिवस या बाबतीत संपले आहेत.

दुसरा आक्षेप मोबदल्याचा. "विक्री होईल तेवढ्यावर दलाली देऊ, बांधील पगार कशाला?" असे आपला व्यापारी स्वभाव म्हणतो. यात फसगत आहे. ज्यास केवळ विक्रीवर दलाली मिळते, तो उधारीवर माल देत सुटतो. त्याची दलाली वाढते व आपली उधारी वाढते. निदान सहा महिने ठरीव मोबदला द्यावा, आणि वर काही द्यावयाचे असेल तर ते विकलेल्या मालावर न देता वसूल झालेल्या रकमेवर द्यावे. जुनी मंडळी विक्रीस जाणाऱ्या माणसाकडेच वसुलीही का सोपवीत, याचे मर्म यात आहे.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही. तो घरातला आहे. बाहेरच्या माणसाने येऊन आमच्या धंद्यातील चुका दाखवाव्या, हे वडिलांस रुचत नाही आणि मुलांस अपमानाचे वाटते. आम्हांसही वाटले. वडिलांनी सुरू केलेला एक मसाला गेली कित्येक वर्षे तोट्यात जात आहे, हे त्या बाईंनी आकड्यांनिशी दाखविले, तेव्हा आम्ही दोन दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. शेवटी तो मसाला बंद केला. तो निर्णय आमचाच होता आणि आमचाच असावयास हवा होता. नेमलेल्या माणसाने आरसा दाखवावा, निर्णय मात्र मालकाने करावा. चिरंजीव प्रारंभी नाराज होते, ते आता दर महिन्यास स्वतः गोव्याची फेरी करतात. नेमणूक अर्धवेळ होती म्हणूनच हे घडले. पूर्ण वेळाचा माणूस असता तर सारे काम त्याच्यावर टाकून आम्ही मोकळे झालो असतो.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कोणताही अधिकारी पेढीस पत आणून देऊ शकत नाही. असलेली पत तो लोकांपर्यंत नेऊ शकतो, एवढेच. मालात नसलेला गुण जाहिरातीत लिहावयाचा नाही, हा दंडक मालकानेच घालून द्यावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु आपणांस त्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. खोटे माप आणि भेसळीचा माल यांस आपल्या आचार्यांनी अचौर्यव्रताचे अतिचार म्हणून फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. भडक जाहिरात ही त्याच कुळातली.

आपल्या संघाकडे आमची एकच सूचना आहे. परस्परांशी स्पर्धा नसलेल्या चार-पाच पेढ्यांचे गट जुळवून द्यावेत, कराराचा एक साधा मसुदा तयार ठेवावा आणि वर्षाने त्या गटांनी आपला बरा-वाईट अनुभव सभेपुढे प्रामाणिकपणे मांडावा. ज्यांस इतकेही आज शक्य नसेल, त्यांनी येत्या वहीपूजनानंतर नव्या वहीचे शेवटचे पान राखून ठेवावे, त्यावर न आलेल्या गिऱ्हाइकांची नावे लिहावीत आणि त्यातील पहिल्या नावास त्याच दिवशी विचारणा करावी. आमचे दिवाणजी हेच करीत होते. ते आम्हांस कळण्यास उशीर झाला. इतर सभासदांस तसा होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.