पाटे राहू द्या, ब्रेक बघा

स्पष्टच सांगतो. ज्या पद्मिनीच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापून तिला रस्त्याला टेकवलंय आणि जिचे चारही ब्रेक अजून ड्रमचेच आहेत, ती रीलमध्ये कितीही देखणी दिसो, पसरणीच्या घाटात मी तिच्या पुढे गाडी चालवणार नाही.

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या फियाटचं वेड नव्याने आलंय. माझ्या सांगलीच्या मामेभावालाही लागलंय. आनंदच आहे. ही गाडी आपल्याला परकी नाही. मी सांगलीच्या ज्या कॉलेजात इंजिनिअरिंग केलं, त्याला ज्या वालचंद हिराचंदांचं नाव आहे, त्यांच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ही गाडी बनायची. १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, तीच पुढे पद्मिनी झाली. पण वेडाचे दोन पंथ झालेत आणि माझं भांडण दोघांशी आहे.

पहिला पंथ 'गाडी खाली बसवणारे'. पुढची कॉइल स्प्रिंग दीड-दोन वेटोळी कापायची, मागे पाटे आणि अॅक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालायचे, की झालं. आता यातलं यंत्रशास्त्र बघा. स्प्रिंगची वेटोळी कमी केली की ती मऊ होत नाही, कडक होते. वर चाकाला हलायला उरलेली जागा कमी होते. म्हणजे खड्ड्यात चाक वर जातं, रबरी स्टॉपवर आदळतं आणि तो दणका थेट चासीला बसतो. शॉकअॅब्झॉर्बर मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा असतो. तो हे उड्या मारणं आवरू शकत नाही.

"पण गुरुत्वमध्य खाली येतो ना?" येतो. पण पुढचे विशबोन कलले की रोल सेंटर अनेकदा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं. या दोघांतलं अंतर वाढलं की वळणावर गाडी कलायला उलट जास्त जोर मिळतो. रेसच्या गाड्या खाली असतात, कारण त्यांची अख्खी भूमिती त्या उंचीसाठी आखलेली असते. ग्राइंडरला भूमिती येत नाही.

शिवाय रस्ता कुठला? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिली आहे. आपल्या गावांतले गतिरोधक हे मानक वाचून बांधलेले वाटतात का? गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांतून खाली बसवलेली पद्मिनी नेऊन दाखवा, ऑइल संप शाबूत राहिला तर चहा माझ्याकडून.

दुसरा पंथ 'ओरिजिनल'वाल्यांचा. यांना पहिल्या पंथाचा राग आहे, तो रास्त आहे. पण डिस्क ब्रेकचं नाव काढलं तरी यांच्या कपाळावर आठ्या पडतात. गाडीचा आत्मा जातो म्हणे.

आत्मा बाजूला ठेवू, आधी उष्णता मोजू. वाईपासून पाचगणी किमान ५०० मीटर उंच आहे. माणसांसकट ११०० किलोची गाडी तेवढी खाली उतरते, तेव्हा साधारण ५४ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी ताशी ८० च्या वेगावरून एकदा थांबवायला पावणेतीन लाख जूल पुरतात. म्हणजे एक घाट उतरणं म्हणजे ८० वरून सुमारे वीस वेळा करकचून थांबणं. काही भाग इंजिन आणि हवा ओढून घेते, उरलेला ब्रेकवर येतो.

ड्रम ही बंद पेटी आहे. तापला की तो प्रसरण पावतो, म्हणजे ब्रेक शूपासून लांब जातो. पेडल खाली जायला लागतं. तापलेल्या लायनरचं घर्षणही घटतं. डिस्क उघडी असते, वारा लागतो. पावसात तिच्यावरचं पाणी फेकलं जातं, ड्रममध्ये ते शिरलं की साचतं. महाबळेश्वरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना पावसाचं महत्त्व मी सांगायला नको.

आणि 'ओरिजिनल'चा मुद्दाच असेल, तर खुद्द फियाटनेच १९६६ मध्ये याच घराण्यातल्या ११००आर ला पुढे डिस्क ब्रेक दिले. इटलीत गाडी सुधारली. इथे परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला बुकिंग करून वाट बघायला लावली जात होती, सुधारणा कोणाला हवी होती? तेव्हा ड्रमला कवटाळणं म्हणजे परंपरा जपणं नव्हे. ती आपल्यावर लादलेली कंजुषी होती, तिला वारसा म्हणू नका.

पण डिस्क बसवणं म्हणजे भंगारातल्या गाडीचे कॅलिपर वेल्ड करणंही नव्हे. ड्रममध्ये फिरणारं चाक पुढच्या शूला स्वतःच आत खेचतं, त्यामुळे कमी दाबात काम भागतं. डिस्कला ही फुकटची मदत नाही. दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर लागतो. बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो, म्हणून पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करायची जुनी सवय सोडावी लागते. टँडम मास्टर सिलिंडर घाला, म्हणजे एक लाइन फुटली तरी दुसरी उरते. मागे ड्रम राहिले तरी चालेल, पण पुढच्या-मागच्या जोराचा तोल तपासा. मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गिरकी घेते.

आता दोन्ही पंथांनी एक गोष्ट ऐका. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. तो रस्त्याला चिकटलेला असेल तरच. कापलेल्या स्प्रिंगवर चाक उडत असेल, तर महागातली डिस्क हवेत फिरणारं चाक तत्परतेने थांबवेल आणि गाडी पुढे जात राहील. म्हणून खाली बसवणं आणि डिस्क बसवणं या एकाच पॅकेजमधल्या दोन गोष्टी नाहीत. पहिली दुसरीच्या मुळावर येते.

तिसरं भांडण व्यवस्थेशी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितलं. मनाईमागचा हेतू बरोबर आहे, रस्ता सगळ्यांचा आहे. पण ग्राइंडरने कापलेली स्प्रिंग आणि मोजूनमापून बसवलेली डिस्क यांत फरक करणारी सोपी, ठरलेली तपासणी कुठे आहे? जर्मनीत बदल तपासून घेता येतो आणि कागदपत्रांवर चढवता येतो. तिथे जुन्या गाडीला वारशाची 'एच' पाटी देताना त्या काळाला साजेसे बदलही चालतात. आपल्याकडे असं काही नसल्यामुळे चांगलं काम करणारा मिस्त्रीही चोरून करतो आणि चोरून केलेलं काम कोणी तपासत नाही. सुरक्षित बदलासाठी आरटीओत तपासणी, फी आणि नोंद हवी. आवाज करायचाच असेल तर सायलेन्सर काढून करू नका, या मागणीसाठी करा.

तोपर्यंत क्रम साधा ठेवा. आधी ड्रम, लायनर, होस, टायर, स्टिअरिंगचे जॉइंट नीट करा. मग डिस्कचं ठरवा, तेही आरटीओला लेखी विचारून. स्प्रिंगांना हात लावू नका. पद्मिनी उंचच बरी दिसते आणि गतिरोधकावरून मान ताठ ठेवून जाते.