श्रद्धेला दोन मापे?

जेरुसलेमच्या जुन्या नगरात दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन साधूंची मिरवणूक निघते. येशू ज्या वाटेने क्रूस वाहत गेला असे मानतात, त्या ‘व्हिया डोलोरोसा’वरील चौदा स्थानांवर थांबत, प्रार्थना करीत भाविक पवित्र कबरीच्या चर्चमध्ये पोहोचतात आणि तेथील शिळेवर माथा टेकतात. सहलीला गेलेले मराठी प्रवासीही तेथे नकळत हात जोडतात. जोडावेतच! परक्याच्या श्रद्धास्थानाचा मान राखणे हा हिंदूंचा स्वभाव आहे.

परंतु या स्थानांना आधार कशाचा? येशूला क्रुसावर दिल्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात कबरीची जागा निश्चित झाली. ३३५ मध्ये तेथील चर्चचे समर्पण झाले. सम्राटमाता हेलेनाला मूळ क्रूसही तेथेच सापडला, असे परंपरा सांगते. व्हिया डोलोरोसाचा आजचा मार्ग तर त्यानंतर कित्येक शतकांनी स्थिरावला. मूळ वाट निराळी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. नगराच्या तटाबाहेरील ‘गार्डन टूम्ब’ हीच खरी कबर, असे मानणारे प्रॉटेस्टंटही आहेत. येशूच्या बाप्तिस्म्याचे स्थान यार्देन नदीच्या दोन्ही तीरांवर दाखवले जाते. त्यांपैकी पूर्व तीरावरील स्थान २०१५ मध्ये ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

२०१६ मध्ये जीर्णोद्धारासाठी कबर उघडली गेली. तेथील चुन्याच्या परीक्षणातून चौथ्या शतकातील बांधकामाची खूण मिळाली. बांधकाम कॉन्स्टंटाईनच्या काळाचे ठरले. कबर कोणाची, हे चुना कसा सांगणार? तरीही कोणा विचारवंताने यात्रेकरूंना खुळे म्हटले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची स्मृती हाच तेथे पुरावा मानला जातो, आणि ते योग्यच आहे.

मग हा न्याय रामेश्वरला का नाही? २००७ च्या सप्टेंबरमध्ये, सेतुसमुद्रम प्रकल्पाच्या खटल्यात, रामायणातील व्यक्तींच्या अस्तित्वाला ऐतिहासिक पुरावा नाही, असे प्रतिज्ञापत्र पुरातत्त्व विभागाने सर्वोच्च न्यायालयात दिले. देशभर संताप उसळल्यावर काही दिवसांतच ते मागे घ्यावे लागले. तामिळनाडूचे तत्कालीन मुख्यमंत्री करुणानिधी यांनी तर राम कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, अशी पृच्छा केली! हेलेनाच्या पदवीची चौकशी कोणी केल्याचे ऐकिवात नाही. जेरुसलेमची स्मृती ‘वारसा’ आणि सेतूची स्मृती ‘भाबडेपणा’, ही कोणती वैज्ञानिक दृष्टी? चिकित्सा करायचीच, तर ती सर्वांची करावी. आदर राखायचा, तर तोही सर्वांचा राखावा.

दोष केवळ पुरोगाम्यांचा मात्र नाही. पवित्र कबरीच्या चर्चमध्ये सहा पंथ नांदतात आणि पायरीपायरीच्या हक्कासाठी भांडतात. तरीही ११४९ मध्ये धर्मयोद्ध्यांनी उभारलेली वास्तू त्यांनी जतन केली. आपल्याकडे मात्र प्राचीन देवळांच्या कोरीव खांबांवर जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट चढतो, शिलालेख फरशीखाली गाडले जातात. ज्या स्मृतीसाठी आपण जगाकडे मान मागतो, तिची नोंद ठेवण्याचे कष्ट आपणच घेत नाही. दुटप्पी मापाचा निषेध करणाऱ्या हातांनी आधी आपल्या गावच्या देवळातील शिलालेख स्वच्छ करावा.