प्रवासी पुढे, अहवाल मागे

होला मोहल्ला आणि दर्शनासाठी मार्च २०२० मध्ये नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब येथे आलेले सुमारे चार हजार भाविक टाळेबंदीमुळे तेथेच अडकून पडले. त्यांतील बहुसंख्य पंजाबचे होते. यात्री निवासात मुक्काम, लंगरमध्ये भोजन आणि परतीच्या परवानगीची प्रतीक्षा यात महिनाभराहून अधिक काळ गेला. एप्रिलच्या अखेरच्या आठवड्यात पंजाब सरकारने बसगाड्या पाठविल्या आणि भाविक मार्गस्थ झाले. त्यानंतर काही दिवसांतच पंजाबमध्ये या परतलेल्यांचे अहवाल येऊ लागले. मे महिन्याच्या पूर्वार्धात बाधितांचा आकडा हजाराच्या पुढे गेला होता.

दोन राज्यांत मग आरोप-प्रत्यारोप रंगले. पंजाबने महाराष्ट्राकडे बोट दाखविले, तर महाराष्ट्राने प्रवासाचा मार्ग व बसचालक यांच्याकडे. नांदेड शहरात पहिला रुग्ण २२ एप्रिल रोजी आढळला होता, त्यामुळे महाराष्ट्राच्या बाजूने बोलणाऱ्यांना आधारही होता. मात्र मे महिन्याच्या प्रारंभी लंगर साहिब गुरुद्वाऱ्यातील ९७ जणांचे नमुने तपासले असता २० जण बाधित निघाले आणि या युक्तिवादाची धार बोथट झाली. राजकीय वादात मूळ प्रश्न बाजूला पडला. हे भाविक बसमध्ये बसले तेव्हा त्यांच्या घशातील स्रावाची तपासणी का झाली नव्हती?

उत्तर कोणा एका अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणात शोधणे सोपे आहे, पण अन्यायाचे होईल. त्या वेळच्या निकषांनुसार लक्षणे नसलेल्या व्यक्तीची सरसकट चाचणी होत नसे. भाविकांची तपासणी झाली ती ताप आणि खोकल्यापुरती. शिवाय चार हजार नमुने तपासणार कोठे? साथीच्या सुरुवातीला नांदेडचे नमुने जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रयोगशाळा उभी राहिली ती नंतर. चाचणी करायची ठरविली असती तर अहवाल येईपर्यंत भाविकांना आणखी थांबवून ठेवावे लागले असते आणि घरी जाण्यासाठी आसुसलेल्या वृद्धांना ते पटवून देणे कोणत्याही प्रशासनाला जड गेले असते.

शेजारच्या लातूर जिल्ह्यात याच महिन्यात नेमके उलट घडले. हरियाणाहून परतीच्या वाटेवर असलेले आंध्र प्रदेशातील १२ प्रवासी एप्रिलच्या आरंभी निलंगा येथील मशिदीत मुक्कामी आढळले. त्यांचे नमुने पुण्याला पाठविण्यात आले आणि आठ जण बाधित निघाले. त्यांचा प्रवास तेथेच थांबला. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत त्यांच्यावर उपचार झाले, पुन्हा चाचण्या झाल्या आणि एप्रिल संपण्यापूर्वी ते बरे झाले. त्या काळी चोवीस तासांच्या अंतराने दोन अहवाल नकारात्मक आल्याखेरीज रुग्णाला घरी सोडत नसत. सौम्य रुग्णांसाठी ही अट ८ मे रोजी शिथिल झाली. म्हणजे बरे वाटू लागल्यानंतरही माणूस कागदाची वाट पाहत पडून असे, तेही परक्या गावात, परक्या भाषेत.

बारा माणसांना जे शक्य झाले ते चार हजारांना झाले नाही, असे म्हणून हा विषय संपत नाही. निलंग्यात आजाराचा पाठपुरावा माणूस जेथे अडकला तेथेच झाला. नांदेडमध्ये माणसे आधी गेली आणि पाठपुरावा त्यांच्या मागून, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर, दुसऱ्या राज्याच्या यंत्रणेने केला. पंजाब सरकारने परतणाऱ्यांना २१ दिवस विलगीकरणात ठेवण्याचा निर्णय घेतला, पण तोवर काही जण गावी पोहोचले होते. कोण कोणत्या यात्री निवासात, कोणाच्या शेजारी राहिला, ही माहिती नांदेडमध्ये होती. तिची गरज होती पंजाबच्या गावागावांत.

प्रवासात आजारी पडलेल्याला आपल्या व्यवस्थेत नीटसे स्थान नाही. त्या दिवसांत सरकारी कागदावर तो आधी ‘संशयित’ असे, रुग्ण नंतर. या शब्दाची सावली निलंग्यातल्या प्रवाशांवर पडली, तशी नांदेडहून परतलेल्यांवरही. ज्याच्या हाती साधने होती त्याला वाट मोकळी होती. नांदेडचे तत्कालीन पालकमंत्री अशोक चव्हाण यांना मे २०२० मध्ये संसर्ग झाला तेव्हा त्यांना रुग्णवाहिकेतून रस्त्याने मुंबईला नेण्यात आले. त्यांनी नेमके उपचार कोठे घ्यावेत हा त्यांचा प्रश्न, परंतु जिल्ह्याच्या पालकालाही जिल्ह्याबाहेर जावे लागले ही बाब मराठवाड्यातील आरोग्यसेवेबद्दल बरेच सांगून जाते.

त्यानंतर काय बदलले? प्रयोगशाळा आल्या, प्राणवायूचे प्रकल्प आले. सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. रुग्णाच्या संमतीने त्याची कागदपत्रे एका रुग्णालयातून दुसऱ्याला पाहता यावीत, हा त्यामागील हेतू. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्यासाठी याहून उपयुक्त सोय नाही. मात्र दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरला ती कागदपत्रे दिसायची तर पहिल्या टोकाला ती कोणीतरी संगणकावर चढवायला हवीत. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. अनेक जिल्ह्यांतून आणि तेलंगणाच्या सीमाभागातून रुग्ण येणाऱ्या अशा ठिकाणी खाटेजवळ उभे राहायलाच माणसे अपुरी पडत असतील, तर परगावच्या यात्रेकरूच्या नोंदी चढवायला कोण बसणार?

परिणामी आजही यात्रेकरूला मध्येच चक्कर आली, छातीत कळ आली, तर एक-दोन दिवसांच्या उपचारानंतर हाती पडतो तो सुटीचा कागद. ‘आठ दिवसांनी पुन्हा दाखवावे’ असे त्यावर लिहिलेले असते. त्या आठव्या दिवशी रुग्ण पंजाबात असतो, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ज्यांनी तो लिहिला ते डॉक्टर नांदेडला.