छोटी गाडी, मोठी ट्रॉली



दिवाळी सरली की आपल्या भागात कापसाची वेचणी अंगावर येते. सोयाबीनची पोती अजून घरातच असतात आणि तुरीला शेंगा धरू लागतात. या दिवसांत प्रत्येक घरी एकच विचार चालू असतो, माल बाजारात कसा न्यावा आणि भाडे कसे वाचवावे. मागल्या पंधरवड्यात वडनेर भोलजीला गेलो होतो. बोंडअळीसाठी पऱ्हाट्या वेळेवर उपटून टाकण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या होत्या. त्या सांगून झाल्या आणि चहाचा कप हातात आला, तेवढ्यात एक तरुण शेतकरी पुढे आला. त्याने विचारलेला प्रश्न पिकाचा नव्हता, पण मला तो पिकाइतकाच मोलाचा वाटला.

तो म्हणाला, "साहेब, माह्याकडे छोटा हत्ती हाये. त्याले मागून एक जुनी ट्रॉली जोडली तं चालंल काय? वेल्डिंगवाला हुक बसवून देतो म्हणते. एकाच खेपंत कापूस बी जाईल, अन् घरच्या मंडळीले शेगावचं दर्शन बी होईल."

विचार वाईट नव्हता. घरी आई, बायको, दोन लेकरे, शिवाय भावाचे कुटुंब. एका डिझेलमध्ये दोन कामे होत असतील तर कोणाला नको? त्याला तिथे उभ्या उभ्या जे सांगितले, तेच आज जरा सविस्तर लिहितो. छोटा हत्ती काही सर्वांच्या दारात नसतो, पण लहान ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे मोठी ट्रॉली हे दृश्य आता गावोगावी दिसते. दोन्हींचा हिशेब एकच आहे.

ओढणे सोपे, थांबवणे कठीण

आपण गाडीची ताकद तिच्या ओढण्यावरून ठरवतो. "माझ्या गाडीने एवढे ओढले" असे अभिमानाने सांगतो. पण सपाट रस्त्यावर चाकावरचे ओझे ओढायला फारशी ताकद लागत नाही. दोन बैल आपल्या वजनापेक्षा कितीतरी जास्त माल सहज नेतात. खरा प्रश्न ते ओझे थांबवण्याचा आहे.

छोटा हत्ती ही गाडी २००५ साली बाजारात आली. तेव्हा तिला दोन सिलिंडरचे, सुमारे सोळा अश्वशक्तीचे इंजिन होते आणि पाठीवर पाऊण टन माल नेण्यासाठी ती बनवलेली होती. गाडीचे स्वतःचे वजन एक टनाच्या आतबाहेर. तिचे ब्रेक, तिचे टायर, तिच्या चौकटीची जाडी, हे सारे एवढ्याच वजनाचा हिशेब धरून बसवलेले असते.

आता ट्रॉलीचे बघा. शेतीची दोन चाकी लोखंडी ट्रॉली रिकामी असली तरी टनभर भरते. त्यात वीस क्विंटल कापूस भरला की झाले दोन टन. म्हणजे एक टनाच्या गाडीमागे तीन टन. बहुतेक जुन्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. तेव्हा पुढच्या छोट्या गाडीला स्वतःला थांबायचे आणि आपल्या तिप्पट वजनालाही थांबवायचे. हे म्हणजे नांगराच्या जोडीला वासरू जुंपण्यासारखे झाले.

परदेशात पुष्कळ कुटुंबे मोटारीमागे चाकांची खोली जोडून सुटीला निघतात. तीत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असते. या खोलीला ते लोक कॅराव्हॅन म्हणतात. इंग्लंडमध्ये नवशिक्या चालकाला असा सल्ला देतात की, मागच्या खोलीचे भरलेले वजन पुढच्या मोटारीच्या वजनाच्या शेकडा ८५ च्या आत असावे. या सल्ल्याने पाहिले तर एक टनाच्या गाडीमागे साडेआठशे किलो, तेही मालासकट. आपली रिकामी ट्रॉलीसुद्धा त्यात बसत नाही. आणि त्या लोकांच्या जड खोल्यांना स्वतःचे ब्रेक असतात, हेही ध्यानात घ्यावे.

वेग दुप्पट, धक्का चौपट

ताशी वीस किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर पुढे जाते. ताशी चाळीस असेल तर अकरा मीटर. समोर गुरू आडवे आले हे डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्यानंतर ब्रेक लागू होतो. वेग दुप्पट केला की थांबवायचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. भरल्या ट्रॉलीने चाळीसच्या वेगाने जाणे म्हणजे वीसच्या वेगाच्या चौपट धक्का पाठीशी घेऊन जाणे.

उतारावर किंवा वळणावर पुढच्या गाडीने एकदम ब्रेक दाबला तर ट्रॉली थांबत नाही, ती पुढे रेटते. सरळ रेटायला जागा नसली की बाजूने येते आणि पुढच्या गाडीला आडवी करते. चालकाने किती अनुभवाच्या गोष्टी सांगितल्या तरी त्या क्षणी स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे असते.

यासाठी उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. जो चढ ज्या गिअरमध्ये चढतो, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. डिझेल वाचावे म्हणून न्यूट्रलवर गाडी सोडणे ही सर्वांत महाग बचत आहे. ट्रॅक्टर रस्त्यावर काढताना दोन्ही ब्रेकची पेडले कडीने जोडून घ्यावीत. शेतात वळताना आपण ती सुटी ठेवतो आणि रस्त्यावर येताना विसरतो. मग एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि ट्रॅक्टर फिरतो.

बैलगाडीने शिकवलेले

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना पुढची गोष्ट सांगण्याची गरज नाही. कडबा भरताना मागे जास्त झाला की गाडी उलार होते, जू वर उचलते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर बैलांची मान दबते. म्हणून जाणता गाडीवान भरताना मधूनमधून जू हाताने उचलून पाहत असे.

दोन चाकी ट्रॉलीचे अगदी तसेच आहे. माल मागे जास्त झाला तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरचा मागचा भाग वर उचलू पाहते. मागची चाके हलकी होतात, घसरतात आणि ट्रॉली नागासारखी डुलू लागते. माल पुढे जास्त झाला तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर वळत नाही. अमेरिकेत मोटारीमागची खोली भरताना एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ भाग हुकावर यावा असे धरतात. आपल्यालाही मोजमाप नको. जड पोती चाकांच्या वर आणि किंचित पुढे, हलका माल मागे, आणि सर्व ओझे जितके खाली राहील तितके बरे, एवढे पाळावे. कापूस हलका म्हणून आपण तो डोक्याच्या वर रचतो, बाजूंनी फुगवतो. अशी ट्रॉली वाऱ्याने आणि वळणाने लवकर कलते.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची ती खालच्या हुकालाच. चिखलात रुतलेली ट्रॉली ओढायला काही जण साखळी वरच्या टॉप लिंकच्या जागी अडकवतात. त्याने ट्रॅक्टर पुढून उठतो आणि चालकाच्या अंगावर मागे उलटतो. उडी मारायलाही सवड मिळत नाही.

पिन पूर्ण जाडीची असावी आणि तिच्या खालच्या भोकात क्लिप असावी. तिथे खिळा किंवा तार घालू नये. पिन निघाली तरी ट्रॉली सुटू नये म्हणून दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक मजबूत साखळी वेगळी बांधावी. आठवड्यातून एकदा दांडीचे वेल्डिंग पाहावे. केसाएवढी चीर दिसली तरी खेप थांबवावी.

रस्ता आता पूर्वीचा राहिला नाही

वडनेरवरून जाणारा जुना सहा नंबरचा महामार्ग आता त्रेपन्न नंबरचा झाला आहे. पूर्वी तो दुपदरी होता आणि खड्डेच वेग आवरत असत. आता तो चौपदरी आहे. याच महामार्गावर अमरावती ते अकोला यांच्या दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तासांत करून गिनीज विक्रम झाला. रस्ता चांगला झाला ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्यावर सुरतेकडून येणारे अवजड ट्रक आता मोठ्या वेगाने धावतात आणि त्यांच्या पुढ्यात आपली ट्रॉली वीसच्या वेगाने चाललेली असते. रात्री मागे दिवा नसेल तर ट्रकवाल्याला ती जवळ येईपर्यंत दिसतच नाही.

म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी, दोन्ही कोपऱ्यांत लाल दिवे, आणि कापूस लोंबून ते झाकले जाणार नाहीत याची काळजी, हे खर्चाचे काम नाही. वळसा वाचवायला उलट्या बाजूने ट्रॅक्टर घालू नये. ट्रॉली बंद पडली तर रस्त्याच्या पूर्ण कडेला घ्यावी. मागे दगड लावले असतील तर निघताना ते आठवणीने उचलावेत. आपली ट्रॉली दुरुस्त होऊन निघून जाते आणि मागे राहिलेल्या दगडावर दुसऱ्याच्या घरचा मोटारसायकलवाला पडतो.

माणसे हा माल नव्हे

आता त्या तरुणाच्या प्रश्नातला खरा भाग. ट्रॉलीत घरची मंडळी बसवायची होती.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतकामाला निघालेल्या मजूर महिलांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला. सात जणी बुडून गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या होत्या, आपल्या घरच्यांसारख्याच सकाळी भाकरी बांधून निघालेल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या लोकांची ट्रॉली तळ्यात उलटली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यांत बायका आणि लेकरेच जास्त होती. ट्रॉलीला धरायला दांडी नाही, बसायला जागा नाही. उलटली की ती झाकणासारखी वर बसते.

मी स्वतः शहाणा होतो असे नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका प्रात्यक्षिकाहून परतताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसलो होतो. नाल्यात चाक आदळले आणि मी खाली पडलो. मागचे चाक माझ्या पायापासून वीतभर अंतरावरून गेले. त्या दिवशी सकाळी मीच लोकांना फवारणीच्या सावधगिरीवर भाषण दिले होते.

कायद्याचेही सांगतो. कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने मोठा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. वेल्डिंगवाल्याने बसवलेला हुक त्यातच येतो. ट्रॉलीची नोंदणी वेगळी करावी लागते आणि विम्याच्या कागदावर ट्रॉलीचा उल्लेख असावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा ओझ्यासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की, मालाच्या ट्रॉलीत बसलेल्या माणसाला काही झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग जमीन विकून भरपाई द्यायची पाळी येते.

मग करावे काय?

त्या तरुणाबरोबर आम्ही चहाच्या टपरीवरच हिशेब मांडला. छोट्या हत्तीत त्याच्या कागदावर लिहिले आहे तेवढेच ओझे भरायचे आणि दोन-तीन खेपा करायच्या. माल जास्त असेल तर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून नोंदणी केलेली, दिवे असलेली मोठी ट्रॅक्टर-ट्रॉली भाड्याने करायची आणि भाडे क्विंटलप्रमाणे वाटून घ्यायचे. नवी ट्रॉली घ्यायची असेल तर ब्रेकवाली मागायची. चार पैसे जास्त पडतात, पण ते एकदाच.

शेगावला जायला एस.टी. आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले. त्याच्या आईचे वय विचारले तर शहात्तर निघाले. म्हातारीचे तिकीट नाही, सुनांचे अर्धे. हिशेब केल्यावर ट्रॉलीचा हुक बसवण्याच्या मजुरीतच सगळ्यांचे जाणे-येणे होत होते.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साहेब, हे तं बायको कालपासून सांगून राह्यली. ती म्हणे, लेकराईले मी ट्रॉलीत बसू देणार नाही. मले वाटलं, तिले काय समजते."

मी त्याला म्हटले, "भाऊ, पुढच्या वेळी मला विचारण्याआधी तिलाच विचार."

भगिनींनो, हा लेख घरात मोठ्याने वाचून दाखवा. आणि उद्या सकाळी ट्रॉली निघण्यापूर्वी पिन, क्लिप, साखळी, टायरची हवा आणि मागचा दिवा, या पाच गोष्टी कोणीतरी एकाने पाहाव्यात. घरातला दहावीतला मुलगा किंवा मुलगी हे काम उत्तम करते, आणि बापाला नको म्हणायचे धाडसही त्यांच्याकडेच असते.

पुढच्या वेळी पऱ्हाट्यांचे काय करावे, त्याविषयी लिहीन.