तेराशे किलोमीटरला हार, पाच किलोमीटरला हरकत

येत्या दिवाळीच्या सुटीत सोलापूर ते कन्याकुमारी सायकलने जायचं मी ठरवलं आहे. अंतर तेराशे किलोमीटरच्या वर. चाळिशी उलटलेली आहे, म्हणून तयारी सहा महिने आधीच सुरू केली. रविवारी फज्रची नमाज झाली की तुळजापूरपर्यंत जाऊन येतो. पंक्चर काढायला आणि तुटलेली चेन जोडायला शिकलो. उरली ती प्रेरणा. ती मात्र लोक न मागता पाठवतात. रोज मोबाइलवर कुणा परदेशी सायकलस्वाराचा व्हिडिओ येतो. सायकल लाखाची, पाठीमागे बर्फाचे डोंगर, खाली लिहिलेलं असतं, 'सर, इन्स्पिरेशन!'

मोठ्या सफरींबद्दल मला आदर आहे. १९२३च्या ऑक्टोबरात मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगरा हे तिघे शेवटपर्यंत टिकले आणि १९२८च्या मार्चमध्ये परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! त्या काळात ना मोबाइल, ना नकाशा दाखवणारं अॅप. त्याआधी सहाशे वर्षं, १३२५ साली, एकविशीतला इब्न बतूता हजला म्हणून तंजाहून निघाला आणि फिरत फिरत आपल्या दौलताबादपर्यंत आला. अशी माणसं वाचली की पायात बळ येतं, हे खरं आहे.

पण गेल्या महिन्यात दोन प्रसंग एकाच आठवड्यात घडले आणि माझी प्रेरणाच नासली.

पहिला प्रसंग. जुम्म्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या मंडळींनी मला थांबवलं. माझ्या मोहिमेची बातमी सगळीकडे झाली होती. गळ्यात हार घातला, शाल दिली. "माशाअल्लाह सर, कौम का नाम रोशन करोगे," असं एक चाचा म्हणाले. मी अजून सोलापूरची हद्दही ओलांडली नव्हती.

दुसरा प्रसंग. माझी एक विद्यार्थिनी सातवी पास झाली. तिच्या वस्तीतली उर्दू शाळा सातवीला संपते आणि हायस्कूल पाच किलोमीटरवर आहे. मामाने तिला सायकल घेऊन दिली. ती जेमतेम आठवडाभर शाळेत गेली. मग तीच मंडळी तिच्या अब्बांकडे गेली. मुलगी मोठी झाली, रस्त्यावर सायकल चालवते, बरं दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं. आता सायकल तिचा भाऊ फिरवतो आणि ती घरी आहे. मी तिच्या अब्बांना भेटलो. ते खाली बघत म्हणाले, "सर, जमाना खराब है."

मला विचारायचं आहे, जमाना माझ्यासाठी चांगला आणि तिच्यासाठीच खराब कसा? मी तेराशे किलोमीटर जातो ती हिंमत आणि तीच सायकल घेऊन ती पाच किलोमीटर गेली तर बेशरमी?

यावर पहिलं उत्तर दीनचं येतं. औरतने महरमशिवाय सफर करू नये, असं सांगतात. ठीक, दीनचीच गोष्ट करू. आपल्याकडचे हनफी उलेमा सफरचं अंतर साधारण ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. इतक्या अंतरावर जायला निघालेला माणूस मुसाफिर ठरतो आणि नमाज कसर करतो. मी कन्याकुमारीच्या वाटेवर मुसाफिर असेन. पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाणारी मुलगी मुसाफिर कधी झाली? आणि सवारीचंच म्हणाल तर सहीह बुखारीत उंटावर स्वार होणाऱ्या स्त्रियांमध्ये कुरैशच्या स्त्रियांची तारीफ आलेली आहे. उंटावर बसलेल्या बाईची तारीफ चालते, मग सायकलवर बसलेल्या मुलीचं काय बिघडतं?

दुसरं उत्तर, एसटीचा मोफत पास आहे की! आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत आहे. पण पासाने बस येत नाही. शाळा सुटते पाचला आणि बस येते साडेसहाला, तर मधला दीड तास ती फाट्यावर एकटी उभी राहते. हे चालतं, अर्ध्या तासात सायकलवरून घरी आलेलं चालत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. जे सरकारला उमगलं ते आपल्या बुजुर्गांना का उमगू नये?

तिसरं उत्तर बाहेरच्यांचं. माझे काही हिंदू मित्र लगेच म्हणतात, "तुमच्यात असंच असतं." त्यांना आणि आपल्यालाही मी तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट सांगतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम चालू होती. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी त्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम जोडला. हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या सेविका, शिक्षिका, अगदी सनातनी घरांतल्या तरुण मुस्लिम बायकासुद्धा. पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि पुढच्या दांडीवर पोर बसवलं. लोकांनी शेरे मारलेच, पण त्या थांबल्या नाहीत. तेव्हा 'तुमच्यात असंच असतं' हे खोटं आहे. शिकवणारं कुणी उभं राहिलं की आपल्यातही तसं राहत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वेगळं काढत नाही. अब्बांच्या सायकलवर हाफ पायडल माझ्याआधी आपा शिकली होती. मला मागून धरून तिनेच शिकवलं. ती तेरा वर्षांची झाली आणि घरात ठरलं की आता बस. सायकल माझी झाली. मी त्या सायकलवर कॉलेजला गेलो, बीएड केलं, मास्तर झालो. आपाची शाळा आठवीत सुटली. तेव्हा मी एक शब्द बोललो नाही, कारण सायकल मला मिळाली होती.

म्हणून माझी प्रेरणा शोधून झाली आहे, व्हिडिओ पाठवू नका. रस्ताही थोडा बदलला आहे. बेंगळुरूहून तिरुचीमार्गे पुदुकोट्टईला जाईन, मग मदुराई आणि पुढे. अंतर वाढेल, वाढू दे.

मंडळींना एक विनंती आहे. परत आल्यावर मला हार घालू नका. त्याऐवजी त्या रस्त्याने शाळेत जाऊ शकणाऱ्या चार-पाच मुलींच्या घरी माझ्याबरोबर चला. त्या एकत्र जातील, एकत्र येतील. पंक्चर काढायला मी शिकवीन. शेरे मारणाऱ्या पोरांना जुम्म्याच्या दिवशी मस्जिदीतच समज द्या, कारण ती पोरं आपलीच आहेत. आणि त्या मुलीच्या अब्बांना तुम्हीच जाऊन सांगा की आमचं चुकलं. मी सांगून झालं. हरकत तुम्ही घेतली होती, ती मागेही तुम्हालाच घ्यावी लागेल.