झिजलेल्या पॅडची साक्ष

लांबचा घाट उतरून मोटार सपाटीला लागली, की ती घटकाभर कडेला उभी करावी आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ तळहात नेऊन पाहावा. चाकाला स्पर्श करू नये. नुसती ऊब पारखावी. घाटात ब्रेक तापायचेच. दोन्ही चाके सारखी तापली असतील तर चिंतेचे कारण नाही. परंतु एक चाक केवळ कोमट आणि दुसऱ्याजवळ हात धरवत नाही, असे आढळले तर दोन्ही ब्रेक आपापला भार सारखा उचलीत नाहीत, हे निश्चित. एक तरी सुटत नसेल, नाही तर दुसरा पकडत नसेल.

अशी मोटार गॅरेजात नेली म्हणजे काय होते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. चाक उघडले जाते. एक पॅड पार पत्र्यापर्यंत झिजलेला, तर त्याचा जोडीदार निम्माही झिजलेला नाही. मिस्त्री नवे पॅड बसवितो, जुने भंगारात जातात. आणि काही महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार उद्भवते. कारण उघड आहे : पॅड हे दुखण्याचे मूळ नव्हे, ते केवळ लक्षण होय. म्हणून जुना पॅड टाकून देण्यापूर्वी त्याची साक्ष ऐकून घ्यावी.

ती समजण्यासाठी ब्रेकची रचना ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी म्हणजे डिस्क. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड. आणि त्या दोहोंना कवेत घेणारा कॅलिपर. पिस्टन मात्र आतल्या अंगालाच असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन आतला पॅड डिस्कवर रेटतो, आणि त्या रेट्याच्या प्रतिक्रियेने सबंध कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पाय उचलला, की पिस्टनाभोवतीचे ताणलेले रबरी सील त्याला केसभर मागे घेते. म्हणजे पिस्टनाचे सरकणे आणि पिनांवरचे सरकणे, ह्या दोन गोष्टींवर सारा व्यवहार चालतो. झीज असमान झाली, की बहुधा ह्यांपैकी एक अडलेली असते.

आतला पॅड अधिक झिजला असेल, तर प्रथम पिस्टनाकडे पाहावे. त्यावरचे रबरी आवरण फाटले, की पाणी व धूळ आत शिरून गंज धरतो आणि पिस्टन मागे येईनासा होतो. पिना जाम झाल्या तरीही हेच घडते. कारण कॅलिपर सरकतच नाही आणि सगळे काम एकट्या आतल्या पॅडवर पडते. उलट, बाहेरचा पॅड अधिक झिजला असेल, तर ब्रेक सुटल्यावर कॅलिपर मोकळा न होता तो पॅड डिस्कला घासत राहतो, असे समजावे. येथेही संशय पिनांवरच येतो. पॅड पाचरीसारखा तिरपा झिजला असेल, तर दोहोंपैकी एकच पिन अडली आहे किंवा पॅडचे कान त्यांच्या खाचेत गंजाने रुतले आहेत. किंचित तिरपेपणा मात्र स्वाभाविक असतो.

एका चाकाचे दोन्ही पॅड संपले आणि दुसऱ्या चाकाचे शाबूत राहिले, तर आणखी एक आरोपी तपासावा लागतो : रबरी नळी. ती जुनी झाली की आतून सुजते. दाब जाऊ देते, परत येऊ देत नाही. ह्याची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून, ब्रेक दाबून सोडावा. चाक हाताने फिरत नसेल, तर मिस्त्रीकडून कॅलिपरचे निप्पल किंचित सैल करवावे. तेल निघताच चाक मोकळे झाले, तर दोष बहुधा नळीचा. तरीही अडलेलेच राहिले, तर पिस्टनाचा किंवा पिनांचा. त्यानंतर ब्रेकमधील हवा काढून घेणे अगत्याचे.

दुरुस्तीच्या वेळी आपण स्वतः उभे राहून काही गोष्टी करवून घ्याव्यात. मोटार केवळ जॅकवर तोलून ठेवू नये. खाली भक्कम स्टँड हवा. धूळ हवेने उडवू नये. जुन्या पॅडांत ॲसबेस्टॉस असण्याचा संभव असतो. कॅलिपर नळीला लोंबकळत ठेवू नये; तारेने वर बांधावा. पिना काढून पुसाव्यात आणि त्यांना ब्रेकसाठीचेच सिलिकोन ग्रीस लावावे; साध्या ग्रीसने तेथील रबर फुगते आणि पिना पुन्हा जाम होतात. खाचेतला गंज तारेच्या ब्रशाने काढावा. पिस्टन हलक्या दाबाने मागे जात नसेल, तर त्याच्याशी झटापट न करता कॅलिपर दुरुस्त करावा किंवा बदलावा. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. ती मोजून पाहावी. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. त्यांचा घासणारा थर सुमारे ३ मिलिमीटर उरला, की वेळ आली असे समजावे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ ह्या प्रकाराचा उत्कलनबिंदू नवेपणी किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या स्थितीत ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकात तेल उकळले, की पेडल पोकळ लागते. शिवाय हाच ओलावा पिस्टनाला आतून गंज आणतो. म्हणून साधारणपणे दर दोन वर्षांनी तेल बदलावे. कोकणात, केरळात अगर बंगालमध्ये, जेथे पाऊस आणि दमट हवा दोन्ही भरपूर, तेथे पावसाळा सरताच पिनाही उघडून पाहाव्यात.

काम संपल्यावर मोटार हलविण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे. ही एक गोष्ट विसरल्यास पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही.

नवे पॅड विकत मिळतात. परंतु मागच्या बाकावर मुले झोपली आहेत आणि समोर उतार आहे, अशा वेळी उपयोगी पडते ती दहा मिनिटे थांबून विचारलेली एक शंका : हा एकटाच का झिजला? पुढच्या खेपेस मिस्त्री जुना पॅड टाकून देऊ लागला, तर तो आधी आपल्या हाती मागून घ्यावा.