कावसजी जहांगीर हॉलच्या पायऱ्या

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन झाले की आपली मंडळी दुसऱ्या दिवशी मुंबई बघतात. गेटवे, राणीची बाग, आणि रात्रीची गाडी. गेल्या खेपेस आम्ही गारगोटीचे दहाजण काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज बघायला गेलो. बाबासाहेब तिथूनच बी. ए. झाले. बाहेरूनच पाहून हात जोडले.

तिथून थोडे पुढे गेले की सर कावसजी जहांगीर हॉल लागतो. गेटवेचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटचीच ही इमारत. १९११ साली ती झाली तेव्हा बाबासाहेब कॉलेजात शिकत होते. पुढे अनेक वर्षे तिथे सभा आणि गाण्याचे जलसे व्हायचे. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे.

मी म्हटले, "चला, आत जाऊ." कुणी हलेना. आमच्या आक्का म्हणाल्या, "दादा, आपल्यास्नी आत सोडत्यात व्हय?" खरे सांगतो, पंचवीस वर्षे चळवळीत काढून माझेही पाय पायरीवर अडखळले. दारावरच्या शिपायाने पिशव्या बाहेर ठेवायला सांगितले. भाकरीचे गठुडे होते त्यात. "बघा, म्हटलं नव्हतं?" आक्का पुटपुटल्या. तेवढ्यात मागच्या सुटाबुटातल्या साहेबानेही आपली बॅग मुकाट्याने काढून दिली, तेव्हा त्या हसल्या.

आतून जुना हॉल पार बदललेला आहे. अर्धगोल मजले, वळत जाणारे जिने, वर घुमट. पोरे जिन्यांतच रमली. आक्का मात्र एका चित्रापुढे थांबल्या. डोक्यावर ओझे घेतलेली बाई होती. "हिचं नाव काय?" मी पाटी वाचली. चित्रकाराचे नाव होते, साल होते. बाईचे नाव नव्हते. "म्हंजे ओझं हिचं आन् नाव त्याचं," आक्का म्हणाल्या. मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेची चित्रे काढली, ती आपल्यातल्याच माणसाने काढलेली. अशी चित्रे भिंतीवर किती, हे आपण आत गेल्याशिवाय विचारणार कोण?

आणि चित्रकला काही आपल्या कोल्हापूरला परकी नाही. धुरंधर कोल्हापुरात जन्मले; २०१८ साली याच हॉलमध्ये त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असताना, त्यांचा आणि जोतीरावांचा अर्धपुतळा बसवण्यात पुढाकार घेणारे भाई माधवराव बागल जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते. पुतळ्याला हार घालताना हे कितीजणांना ठाऊक असते?

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. एस.टी.ने सकाळी गेले तर संध्याकाळी घरी परत. पुढच्या महिन्यात विहारातल्या पोरांना घेऊन जायचे ठरले आहे. आक्कांनी पहिले नाव स्वतःचे घातले, आणि भाकरी कोण आणणार हेही ठरवून टाकले.